भांड्यांवरचं मीठ

१

भांडी घासण्यात भिण्यासारखं काही नसतं, म्हणून ते काम मला मनापासून आवडायचं. बाकी पुष्कळ गोष्टींना मी भिते. पोस्टमननं कडी वाजवली की भिते, दूध एकदम वर आलं की भिते, पाठीमागून कुणी नाव घेतलं तरी भिते. बी. ए. झालेल्या मुलीनं इतकं दचकू नये असं आमच्या सासूबाई म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

त्रेपन्न सालचा माघ होता. ठाण्याला बिऱ्हाड करून आम्हांला तीन महिने होत आले होते. स्टेशनच्या खाडीकडच्या अंगाला गोपीनाथ भोईरांच्या नव्या बैठ्या घरात दोन खोल्या मिळाल्या होत्या. मागं मोरी, मोरीच्या दारापुढं दगडी ओटा, ओट्यापलीकडं विहीर, आणि तिच्यापुढं काहीच नाही. खाडीपर्यंत नुसती सपाट, पांढुरकी जमीन. भोईरांच्या वडिलांच्या वेळी तिथं मिठागर होतं म्हणे. आता दुपारी ती जमीन इतकी चमकायची, की ओट्यावर बसलं तर डोळे आपोआप मिटायचे.

ह्यांचं नाव सुधीर. लिहायला हरकत नाही, तोंडानं मी घेत नाही. हे सव्वाआठला जेवून ऑफिसला जायचे. मग मी जेवायची, अकराच्या सुमाराला ओट्यावर भांडी घेऊन बसायची, राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासायची, पितळेला चिंच लावायची, विहिरीच्या पाण्यानं धुवायची आणि तिथंच उन्हात पालथी घालायची. मग पुस्तक घेऊन पडायचं. तीनला उठून भांडी आत न्यायची. इतका सुखाचा दिवस माझ्या वाट्याला पूर्वी कधी आला नव्हता.

गिरगावात दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसं होतो. तिथं मी आजारी पडले. ताप वगैरे काही नाही. माळ्यावर कुणीतरी चालतंय असं मला ऐकू यायचं, आणि ते दुसऱ्या कुणालाच ऐकू यायचं नाही. डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं. नणंदा माझ्यासमोर हळू बोलायला लागल्या. शेवटी ह्यांनी हट्टानं हे बिऱ्हाड केलं आणि सासूबाईंनी होळीपर्यंतची मुदत दिली. तोवर मी एकटी नीट राहिले, तर राहायचं. पुन्हा काही ऐकू आलं, तर सामान बांधून गिरगाव. हे सगळं त्यांनी प्रेमानंच सांगितलं होतं. त्याचीच जास्त धास्ती वाटायची.

आणि एका दुपारी तीन वाजता मी ताट उचललं, तर त्याच्यावर पांढरी साय धरल्यासारखं काहीतरी होतं. वाट्यांवर होतं, तांब्याच्या गळ्याभोवती होतं. बोट फिरवलं, जिभेला लावलं. मीठ.

२

इंटरला मला तर्कशास्त्र होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पाहायचा, एवढं त्यातलं डोक्यात राहिलं होतं. मी एक वही केली.

आधी पाणी. विहिरीचं पाणी वाटीत घालून ती खिडकीत ठेवली, पाणी आटू दिलं. वाटी स्वच्छ. मग राख. ती भोईरांकडच्या चुलीतली असायची, म्हणून ती बंद करून माझ्या शेगडीतली घेतली. ताटं तशीच पांढरी. शेंडी नवी आणली, चिंच बंद केली, तरी तेच. कल्हई गेली असेल म्हणून टेंभी नाक्यावरचा कल्हईवाला बोलावून आणला. त्यानं पातेलं उलटंसुलटं केलं, नखानं खरवडलं, आणि मीठ आमटीत घालायचं असतं, बाई, भांड्यावर कशाला घालता, असं म्हणून हसत निघून गेला.

खाडीचा वारा असेल. म्हणून धुतलेला काळा रुमाल दुपारभर ओट्यावर दगडाखाली ठेवला. रुमाल काळाच राहिला. म्हणून मग भांडी घासून आत, स्वयंपाकघरात वाळवली. ती लखलखीत निघाली.

म्हणजे ओट्यावर, पण वाऱ्यानं नाही. पाण्यानं नाही, राखेनं नाही. वहीत मी हे सगळं नीट मांडलं होतं, आणि त्यात एकच गोष्ट पाहायची राहिली होती: भांडी मुळी घासायचीच नाहीत. खरकटी तशीच ठेवून पाहायचं, त्यांच्यावर मीठ धरतं का.

त्या दिवशी वांग्याची भाजी होती. ताटांना तेल होतं, पातेल्याच्या बुडाशी भाताची खरपुडी धरली होती. मी सगळं ओट्यावर ठेवलं, दार लोटलं आणि पुस्तक घेऊन पडले.

तीनला दार उघडलं. भांडी घासलेली होती. पालथी घातलेली होती. परात, पातेलं, ताटं, वाट्या, अशी मोठ्यापासून लहानापर्यंत एका ओळीत लावलेली होती. मी तशी कधीच लावत नाही. मी आपली जागा मिळेल तिथं ठेवते. आणि सगळ्यांवर सारखी, पातळ, पांढरी साय.

३

सगळ्यात आधी मनात आलं ते हेच, की मीच घासली असणार आणि विसरले असणार. गिरगावचं औषध घेत होते तेव्हा अशी एकदोनदा विसरले होते. मी नखं पाहिली. राखेनं भांडी घासली की नखांच्या कडेला काळं राहतं, संध्याकाळपर्यंत जात नाही. नखं गुलाबी होती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खरकटी भांडी ठेवली. झोपायचं नाही असं ठरवून पुढच्या खोलीत खुर्ची घेऊन बसले. मधलं दार लावून घेतलं होतं. ते का लावलं, हे मी स्वतःला विचारलं नाही.

बारा वाजून गेले. कौलांतून उन्हाचे कवडसे पडले होते आणि त्यांत धूळ अगदी सावकाश वर जात होती. मग आवाज आला. भांडी घासण्याचाच, पण आपण जसं घसघस घासतो तसा नाही. लांबवर ओढत नेलेला एक खरखराट, मग थांबणं, मग पुन्हा तितकाच लांब. मिठागरात लांब दांड्याच्या फावड्यानं मीठ ओढून कडेला घेतात ना, तसा. उरकायची घाई असलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता.

उठावं, दार उघडावं, पाहावं. चार पावलांवर तर दार. पण पाहिलं आणि तिथं कुणी नसलं, तर मग गिरगाव. आणि कुणी असलं, तर कुणाला सांगणार? सांगितलं की तेही गिरगावच. दोन्हीकडून एकच उत्तर येत होतं. आणि तरी, खोटं कशाला लिहू, त्या आवाजानं मला गुंगी यायला लागली. लहानपणी आईचं जातं ऐकत झोपायची, तशी मी खुर्चीतच झोपले.

त्यानंतर पंधरा दिवस मी भांडं घासलं नाही.

हे लिहायची मला लाज वाटते. घाबरटच बाई मी, पण भीतीचीसुद्धा सवय होते. आणि काम आपलं आपण होत असलं तर फारच लवकर होते. मी फक्त एक करायची. तीनला भांड्यांवर स्वच्छ पाणी घालायची आणि मग ती आत घ्यायची. पाणी घातलं की मीठ जायचं. शिवाय आमच्याकडे तशी पद्धतच आहे. गिरगावात बाईनं घासलेली भांडी सासूबाई कधी तशीच आत घेत नाहीत. वरून पाणी ओतायचं, मगच त्यांना हात लावायचा. त्यात काही विचार नसतो. हाताला लागलेलं वळण.

एकदा ह्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, किती मऊ झालेत गं. बाई लावलीस की काय? मी हो म्हटलं. त्याच रात्री त्यांनी आईला पत्र लिहिलं, की मंदानं बाईसुद्धा ठेवली आहे, तब्येत छान आहे, तू एकदा येऊन पाहून जा.

४

तुळसाकाकू म्हणजे गोपीनाथ भोईरांची चुलती. शेजारच्या जुन्या घरात असायच्या. कधीमधी दुपारच्या वाल सोलायला माझ्याकडं येऊन बसायच्या. मी बोलायची, त्या ऐकायच्या. त्या दिवशी त्या मागच्या वाटेनं आल्या, तेव्हा मी तांब्यातून भांड्यांवर पाणी ओतत होते. एक ताट अजून कोरडं होतं. काकूंनी ते उचललं, अंगठा फिरवला, अंगठा चाखला. ताट जागच्या जागी ठेवलं.

"कवापासून हाय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आता सांगून टाकावं. पण मी म्हटलं, कशाबद्दल म्हणता?

त्या ओट्याच्या कडेला टेकल्या. खाडीकडं पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "काम करून घेतेस, ता घे. माझा काय जातंय. पन जेवाया काय घालतेस?"

मी तांब्या या हातातून त्या हातात घेतला.

"आमच्यात आगरावर कामाला आलेला मानूस उपाशी धाडत नाय, बाय. कुनी का असंना."

मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या तांब्याकडं गेलं. त्यांनी विचारलं, हे पाणी कशाला? मी आमची पद्धत सांगितली. सांगताना, कुणाला सांगतेय हे ध्यानात आलं आणि जीभ अडखळली. भोईरांकडं गेलेली आमची पितळी कळशी परत करताना त्या घरच्या बायका ती धुऊन देतात, आणि मी ती घरात आणून पुन्हा धुते, हे काकूंना माहीत असणारच.

काकू रागावल्या नाहीत. पदर झटकून उठल्या.

"त्याच्या हातचा धुऊन टाकतेस, आनि त्याच्याच हातून करून घेतेस," त्या म्हणाल्या. "शिकलेली ना गो तू?"

ते कोण, असं मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, विचारलं गेलं. काकू जाता जाता थांबल्या, पण वळल्या नाहीत. नाव ठेवलं की माणूस घरचं होतं, एवढंच म्हणाल्या, आणि तू अजून ठेवलं नसलंस तर ठेवू नकोस.

दुसऱ्या दिवसापासून मी भांडी स्वतः घासायला लागले, जेवल्या जेवल्या, ओट्यावर न जाता मोरीत बसून, आणि मागच्या दाराला कडी लावून. चार दिवस काही झालं नाही. दुपारी झोप मात्र येईना. पाचव्या दिवशी बाराच्या पुढं मागच्या दारावर काहीतरी हळूच टेकलं, आणि टेकूनच राहिलं. धक्का नाही, थाप नाही. कामावर आलेली बाई आतून दार उघडायची वाट बघते, तसं.

५

सासूबाई शनिवारी सकाळी आल्या, ह्यांचा धाकटा भाऊ मधु सोडून गेला. शनिवार अर्धा दिवस, म्हणून हे दोनपर्यंत येणार होते.

आमच्या सासूबाईंचं नाव विमलाबाई. वाईट नाहीत हो त्या. माझ्या माळ्यावरच्या पावलांसाठी त्यांनी सोळा सोमवार केले होते. आल्या आल्या त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, फळीवरची भांडी पाहिली, माझी हनुवटी वर करून चेहरा पाहिला, आणि बरी दिसतेस म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी विचारलं, बाई किती वाजता येते?

बारानंतर, मी म्हटलं.

जेवणं झाली. मी भांडी उचलून मोरीत नेली, तर त्या मागून आल्या. म्हणाल्या, मोरीत कशाला ठेवतेस, बाई काय आत येऊन घासणार? आणि त्यांनीच मागच्या दाराची कडी काढली. दोन फळ्यांचं दार ते, एक फळी उघडली, आणि भांडी एकेक करून ओट्यावर मांडली. मी, आज ती येईल की नाही कोण जाणे, मीच घासते, असं काहीतरी म्हणत होते. त्यांनी मला खांद्याला धरून आत आणलं. तुला दम नाही, त्या म्हणाल्या, जरा पड.

आम्ही दोघी पुढच्या खोलीत चटईवर पडलो. मधलं दार त्यांनी उघडंच ठेवलं. सासूबाईंनी डोळे मिटले, मी छताकडं पाहत राहिले. आत्ता आवाज येईल, आणि मला येईल, सासूबाईंना येणार नाही. मी दचकेन, त्या डोळे उघडतील आणि माझ्याकडं तसंच पाहतील, गिरगावात पाहायच्या तसं. कवडसे भिंतीवरून एक वीतभर सरकले.

मग आला. लांब, ओढलेला. थांबला. पुन्हा.

सासूबाई कुशीवर वळल्या, डोळे न उघडता.

"हात संथ आहे हिचा," त्या म्हणाल्या. "पण घासते मन लावून."

मला रडू आलं. तोंडात पदर धरून मी रडले. भीतीनं नाही हो. आयुष्यात पहिल्यांदा, मला ऐकू येत होतं ते दुसऱ्या कुणालातरी ऐकू येत होतं.

६

मला डुलकी लागली असावी. जागी झाले तेव्हा शेजारची चटई रिकामी होती आणि स्वयंपाकघरातून झाकणाचा आवाज येत होता. मी मधल्या दारात गेले.

सासूबाई पोळ्यांचा डबा उघडून दोन पोळ्या काढत होत्या. त्यांवर सकाळची भाजी घालून त्यांनी घडी केली. आपल्याच तंद्रीत होत्या, काहीतरी पुटपुटत होत्या. मागच्या दाराशी गेल्या. गिरगावात रोज दुपारी त्या हेच करतात. उंबऱ्याच्या आत उभं राहायचं, तोंड जरा बाजूला वळवायचं, आणि हात लांब करून वरून सोडायचं. बाईच्या तोंडाकडं त्या पाहत नाहीत. त्यात तिरस्कार नाही, आपण कंदील लावताना तो टांगलेल्या खिळ्याकडं पाहत नाही, तसं.

उघड्या फळीतून ऊन आत आलं होतं. त्या उन्हात एक हात वर आला.

बाकीचं बंद फळीच्या आड होतं. मला कोपरापर्यंत दिसलं, तेवढंच सांगते. तो पांढरा होता, पण गोऱ्या माणसाचा पांढरा नव्हे. ऊन पडलं तिथं तो खडीसाखरेसारखा चमकत होता, आणि बोटं वळली तिथं बारीक तडे जात होते. तळहात पसरलेला होता. त्याच्यावर एकही रेघ नव्हती. सासूबाईंनी पोळी सोडली. ती तळहातावर पडली, आणि तिच्या कडा हळूहळू आत वळत गेल्या, दिवसभर उन्हात राहिल्यासारख्या. मग हात खाली गेला. घाईनं नाही. फार दिवस वाट पाहून हाती आलेलं काही माणूस जसं नेतं, तसा.

सासूबाईंनी उंबऱ्यातूनच तांब्या कलता करून हात धुतले. मग भांड्यांवर पाणी ओतायला म्हणून त्या पुढं वाकल्या, आणि थांबल्या.

"नको म्हणतेय," त्या आपल्याशीच म्हणाल्या. "राहू दे तर राहू दे."

आणि त्यांनी, जन्मात पहिल्यांदा असेल, बाईनं घासलेली भांडी पाणी न घालता तशीच आत घेतली.

७

अडीचला हे आले. सासूबाईंनी चहा घेता घेता निकाल दिला. त्या म्हणाल्या, मी उगीच काळजी करत होते. जागा मोकळी आहे, मंदाचा चेहरा सुधारलाय, घर चांगलं ठेवलंय. ह्यांनी माझ्याकडं पाहून डोळे मिचकावले. किती दिवसांनी!

"एकच आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या ऑफिसात आता रात्रीच्या शिफ्टी सुरू होणार. ही रात्रीची एकटी राहायची नाही. ही निजली होती तेव्हा मी त्या बाईला विचारलं, राहशील का गं सोबतीला."

"काय म्हणाली?" ह्यांनी विचारलं.

"बोलत नाही फारसं. पाठमोरी होती. पण घराकडं बोट केलं आणि मान हलवली. मी म्हटलं, ये मग आजपासूनच. मोरीशेजारी पडेल." मग त्या माझ्याकडं वळल्या. "ती राहणार असेल तर तुम्ही इथं राहा, माझी ना नाही. नाहीतर मात्र बाई, माझ्या जिवाला घोर. आपलं गिरगावच बरं. काय गं मंदा? चालेल ना तुला?"

दोघंही माझ्याकडं पाहत होते. एक शब्द बोलायचा होता. ती बाई नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. आणि मग त्यांचे चेहरे कसे बदलले असते, ते मला बसल्या जागी दिसत होतं. आधी ह्यांचा. बशीतला चहा निवेपर्यंत मी विचार केला. गिरगावचा तो माळा, ते औषध, नणंदांचं हळू बोलणं.

"चालेल," मी म्हटलं.

मग सगळं भराभर ठरलं. हे आईला पोचवायला जाणार, रात्री तिथंच राहणार आणि उद्या दुपारी येणार. कारण आता काळजीचं काही राहिलं नव्हतं. स्टेशनपर्यंत मी पोचवायला निघाले. कुलूप शोधायला लागले, तर सासूबाई हसल्या. अगं, बाई आहे ना आत, कुलूप कशाला? मी दार नुसतं लोटून घेतलं.

गाडी गेल्यावर मी परत यायला मुद्दाम उशीर केला. देवळात टेकले, ओळखीच्या नीला परांजप्यांकडं उगीच चौकशीला गेले. त्यांनी बस म्हटलं तर बसले असते, पण त्यांच्याकडं पाहुणे होते. सूर्य खाडीकडं खूप खाली आला होता तेव्हा मी अंगणात पोचले. तुळसाकाकू त्यांच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि आत गेल्या.

आमच्या स्वयंपाकघराच्या धुराड्यातून धूर येत होता.

मी दार ढकललं. ते आतून लावलेलं होतं. मी पायरीवर उभी राहिले. आत कुणीतरी फळीवर भांडी लावत होतं, मोठ्यापासून लहानापर्यंत. एकेक ठेवल्याचा आवाज क्रमानं बारीक होत गेला, आणि शेवटची वाटी ठेवल्यावर सगळं शांत झालं. माझी चाहूल लागली असावी. आतलं माणूस आता माझ्यासारखंच दाराकडं तोंड करून उभं होतं.

मला भोईरांकडं जाता आलं असतं. रात्री साडेआठची गाडी पकडून गिरगावला जाता आलं असतं.

मी पदर सारखा केला. कपाळावरचा घाम पुसला. आणि घरच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात, मला सुचलं ते नाव घेऊन, मी तिला दार उघडायला सांगितलं.